मॅजिकजॅक: घरी आणि प्रवासात

२००७मध्ये अमेरिकेत आलेला मॅजिकजॅक म्हणजे इंटरनेटवरून फोन करू देणारी, काडेपेटीसारखी छोटी डबी. एक टोक संगणकाच्या यूएसबीत, दुसऱ्यात साध्या फोनची वायर. वर्षाची वर्गणी भरली की अमेरिका-कॅनडातले कॉल त्यातच.

घरी मुख्य अडचण एकच: संगणक बंद, तर फोनही मुका. एका फोनसाठी रात्रभर संगणक चालू ठेवणं मला पटत नाही. २०११चं प्लस मॉडेल संगणकाशिवाय थेट राउटरला जोडता येतं. घरी तसंच घ्यावं.

प्रवासात मात्र जुनंच सरस. हॉटेलच्या वायफायचं लॉगिन लॅपटॉपवर होतं, हेडफोन लावला की फोनयंत्रही नको, आणि न्यू जर्सीचा नंबर लंडनमध्ये वाजतो. पण ९११साठी, म्हणजे अमेरिकेतल्या आणीबाणीच्या नंबरासाठी, त्याच्यावर विसंबू नका! नोंदवलेला पत्ता घरचा असेल, तर मदतही तिकडेच जाईल.