‘5जी’चा डोंगल आणि माझे वाचलेले 333 रुपये

मी घरून जीएसटीची कामं करते. बारा-तेरा छोटे दुकानदार, त्यांची रिटर्न्स, महिन्याची 20 तारीख जवळ आली की जेवणाची शुद्ध नसते. ‘पक्कं बिल घेत जा हो’ असं लोकांना दिवसातून चारदा ऐकवणारी बाई मीच. हे आधीच कबूल करून टाकते, कारण खाली जे लिहितेय त्यात मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

घर पुण्यात सिंहगड रोडला, इमारत जुनी, भिंती जाड. फायबरचं कनेक्शन 200 एमबीपीएसचं, राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी. जूनमध्ये लेकाच्या अभ्यासासाठी हॉलमधली जागा गेली आणि माझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत आला. हॉलमध्ये होता तोवर राउटरमधून निघालेली हातभर लॅनची वायर थेट सीपीयूला जात होती. मागच्या खोलीपर्यंत ती पोचेना, आणि या डेस्कटॉपला वायफाय मुळातच नव्हतं. लॅपटॉपला असतं म्हणून डेस्कटॉपलाही असेल असं मी धरून चालले होते.

घराजवळच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगवाल्याकडे गेले. एवढंच विचारलं, की लांब वायर टाकायची की दुसरं काही? तो हसला. “मॅडम, वायर आता कोण टाकतं? भिंती खराब होतात. हा घ्या, 5जी आहे.” बॉक्सवर सोनेरी अक्षरांत ‘1200 एमबीपीएस’, खाली ‘ड्युअल बँड’. आत बोटभर डोंगल, म्हणजे सीपीयूच्या यूएसबीत खोचायचं वायफायचं यंत्र, आणि त्याला उभा काळा अँटेना. फिटिंगसकट 1,850. “बिल हवं असेल तर 18 टक्के वर लागतील.”

333 रुपये. तोंडी हिशेब केला आणि म्हटलं, राहू द्या.

संध्याकाळी त्याचा मुलगा घरी आला. डोंगल लावला, ड्रायव्हर टाकला. वायफायचा पासवर्ड मी स्वतः टाइप केला, त्याला सांगितला नाही. सावध बाई ना मी! मग त्याने खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, स्पीड टेस्ट लावली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. “बघा, 310!” मी खूश. पैसे त्याच्या मोबाईलवरच्या क्यूआर कोडवर दिले.

आमचा प्लॅनच 200 चा, मग 310 आले कुठून, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्याला पासवर्डच दिला नाही त्याच्या मोबाईलवर आमचं वायफाय चालणार कसं, हेही नाही. तो त्याच्या स्वतःच्या सिमचा 5जी डेटा मला दाखवत होता.

दोन दिवसांनी जीएसटीचं पोर्टल अडकायला लागलं. फाइल चढता चढता लॉगिन संपायचं. मुलाला फोन केला तर म्हणाला, तुमच्या भिंती जाड आहेत, राउटरचं वायफाय पुढे पोचवणारा बूस्टर लागेल. 2,200. पॅसेजमध्ये बूस्टर बसला, कॉम्प्युटरवर वायफायच्या काड्या पूर्ण भरल्या आणि स्पीड होता त्याच्याही निम्मा झाला. या वेळीही बिल नाही. ऑगस्टचं रिटर्न मी लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलमध्ये भरलं.

गणपतीला भाचा आला. त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क, वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कचे ‘प्रॉपर्टीज’ उघडले. तिथे सरळ लिहिलेलं होतं: वायफाय 4, बँड 2.4 गीगाहर्ट्झ, लिंक स्पीड 72. “मावशी, 1200 कुठायत?”

मग त्याने समजावलं. राउटर दोन बँडवर चालतो, 2.4 आणि 5 गीगाहर्ट्झ. 5 वाल्या नेटवर्कच्या नावापुढे बऱ्याच घरांत ‘5जी’ असं दिसतं, त्याचा मोबाईलच्या 5जीशी काहीही संबंध नाही. माझ्या मोबाईलवर आमच्या घरची दोन्ही नावं दिसत होती, कॉम्प्युटरवर एकच. म्हणजे डोंगलला 5 चा बँड येतच नव्हता. एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही. विकणारा समोर असतानाच बघून घ्या. स्पीड टेस्टही आपल्याच कॉम्प्युटरवर, आपल्या हाताने लावायची.

खऱ्या ड्युअल बँड डोंगलवरही ‘1200’ लिहितात, ती 300 आणि 867 ची बेरीज असते. कॉम्प्युटर एका वेळी एकाच बँडवर बसतो, त्यामुळे ते सगळे काही मिळत नाहीत. माझा डोंगल तर जुन्या यूएसबी 2 चा. त्याची वेगाची हद्दच 480, त्यातून 1200 जाणार कुठून? बॉक्स उलटून पाहिला तर त्यावर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. असं पाकीट बाजारात विकायलाच परवानगी नाही. दुकानदारांना हे नियम मी पगार घेऊन समजावते.

भाच्याने चाकूच्या टोकाने डोंगलचं टोपण उघडलं. आत नखाएवढी पट्टी. अँटेनाची वायर पट्टीला जोडलेलीच नव्हती. अँटेना वेगळा काढून हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. निव्वळ प्लॅस्टिकची नळी, शोभेला.

बूस्टरचं गणितही तेव्हाच कळलं. स्वस्त बूस्टर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणून निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. काड्या दिसतात त्या आपल्या आणि बूस्टरमधल्या अंतराच्या. बूस्टरला राउटरकडून काय मिळतंय ते त्या सांगत नाहीत.

विसर्जन झाल्यावर भाचा तापकीर गल्लीतून 20 मीटर कॅट 6 प्रकारची लॅनची वायर घेऊन आला. दुकानातच टोक ब्लेडने खरवडून बघितलं म्हणे. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, नको. दरवाजांच्या चौकटींवरून क्लिपा मारत वायर मागच्या खोलीत आली. क्लिपांसकट खर्च हजाराच्या आत. माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच हाताने स्पीड टेस्ट: 194. नवऱ्याला चौकटीवरची पांढरी रेघ खुपते, खुपू दे. ज्यांना वायर टाकणं शक्यच नाही त्यांनी सीपीयूच्या आत बसणारं वायफाय कार्ड घ्यावं असं भाचा म्हणतो. फक्त मदरबोर्डवर त्याची खाच रिकामी आहे का ते आधी बघावं लागतं.

मग मी 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार सौजन्याने विचारलं, “बिल आहे ना, मॅडम?” दोन सेकंद मला बोलताच येईना. माझ्याकडे होतं ते एवढंच: घेण्याआधी त्या मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला बॉक्सचा फोटो, त्याखाली त्याने लिहिलेलं ‘1200 स्पीड गॅरंटी’, आणि यूपीआयच्या दोन पावत्या. त्याही दुकानाच्या नव्हे, त्या मुलाच्या नावाच्या. बाई म्हणाल्या, हेही जपून ठेवा, उडवू नका.

ते सगळं छापून घेऊन दुकानात गेले. आधी आवाज चढला, मग ‘मॅडम तुम्ही आपल्याच’ झालं, आणि शेवटी 4,050 मधले 1,500 परत आले. बाकीचे म्हणे फिटिंगचे. पैसे मोजून हातात ठेवल्यावर दुकानदाराने गल्ल्याखालून पावती पुस्तक काढलं, त्यावर ‘रु. 1,500 मिळाले, काही तक्रार नाही’ असं स्वतः लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. म्हणाला, “सही करा मॅडम, आपलं सगळं कागदावर असलेलं बरं.”