अपघातानंतर: सामूहिक डीब्रीफिंग की मानसिक प्रथमोपचार?

कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये (पत्रा दाबून घडवणाऱ्या विभागात) कुणाचा हात मशीनमध्ये गेला, की दुसऱ्या दिवशी एचआर अख्ख्या शिफ्टला एका खोलीत बसवतं: ‘बोला, मन मोकळं करा.’ हेतू चांगला, पद्धत जुनी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवेतल्या लोकांसाठी मांडलेलं हे डीब्रीफिंग: ७ टप्पे, साधारण २४ ते ७२ तासांच्या आत.

गोम अशी, की ज्याने रक्त पाहिलंच नाही तोही सगळं तपशीलवार ऐकतो. आणि सुपरवायझर समोर असताना, मशीनचं सुरक्षा-कव्हर (गार्ड) काढून मशीन कोणी चालवायला लावलं हे कोण बोलणार? २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) एका बैठकीच्या डीब्रीफिंगमुळे पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) टळतो असं दिसलं नाही. (तिथल्या चाचण्या बहुतेक एकेकट्या रुग्णांवरच्या, हेही खरं.)

मानसिक प्रथमोपचारात खोदून विचारायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे पाणी द्या, घरी फोन लावून द्या, थरथरत्या माणसाला एकट्याने दुचाकीवर सोडू नका, जखमीची खरी खबर संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर अफवाच रात्रभर जागवतात.

आमचा कौल याच बाजूला. पण हे बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी संपतं. आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारा. तेव्हाही झोप लागत नसेल, प्रेसचा आवाज ऐकून घाम फुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नोटीस बोर्डावर आधीच असू द्या.