उभ्या गाडीची बॅटरी उतरते: गळती फ्यूज काढून शोधावी की न काढता?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका शेजाऱ्यांची जुनी मारुती ८०० तीन-चार दिवस उभी राहिली की सुरू होत नाही, आणि गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून वाहत राहणारा प्रवाह, शोधण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती निवडावी, असा त्यांना प्रश्न पडला आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ०.४ अँपिअरच्या गळतीने साधारण साडेतीन दिवसांत रिकामी होते. बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंतचा (०.०५ अँपिअर) प्रवाह मात्र चालण्यासारखा असतो.

पहिल्या पद्धतीत ऋण टोकाची केबल सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडून मध्ये बसवतात आणि एकेक फ्यूज काढत आकडा कधी घसरतो ते पाहतात. खर्च साध्या मीटरचाच आणि गळती थेट अँपिअरमध्ये कळते. परंतु मीटर जोडलेला असताना चुकून स्टार्टर फिरवला तर मीटरचा फ्यूज जातो.

दुसऱ्या पद्धतीत फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजतात; आकडा दिसला तर त्या फ्यूजमधून प्रवाह वाहत असतो. काम झटपट होते, झिजलेल्या पकडी ढिल्या होत नाहीत. मात्र मिलिव्होल्टचा सूक्ष्म पल्ला असलेला मीटर लागतो.

अल्टरनेटरचा (बॅटरी भारणाऱ्या जनित्राचा) डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बिघडला असेल, तर फ्यूजपेटीत काहीच सापडत नाही. तेव्हा अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहावी.

मोजके फ्यूज असलेल्या अशा गाडीला पहिली पद्धत पुरेशी आहे. संगणकीय नियंत्रक असलेल्या गाडीत फ्यूज काढून परत बसवताच ते जागे होऊन प्रवाह घेतात आणि आकडा फसवा ठरतो, म्हणून तिथे दुसरी योग्य. मीटर हाताळण्याची सवय नसल्यास उद्यमनगरातील ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे.