गाडीच्या छतातल्या लाईटसाठी एलईडी जोडी – पैसे वसूल, पण पॅकिंग बघून डोकं फिरलं (४ स्टार)

आमच्या जुन्या हॅचबॅकचा आतला लाईट म्हणजे नुसता मिणमिणता पिवळा उजेड, रात्री मागच्या सीटखाली काही पडलं की मोबाईलचा टॉर्च लावल्याशिवाय सापडायचंच नाही. मूळ बल्ब १० वॅटचा, काचेची छोटी नळी आणि दोन टोकांना पत्र्याच्या टोप्या, ज्याला फेस्टून म्हणतात तो. त्याच्या जागी वॉर्म व्हाईट एलईडीची जोडी मागवली, दीडशेच्या आसपास पडली, एक लावली आणि एक डॅशबोर्डच्या खणात ठेवलीय.

घेताना सगळ्यात महत्त्वाची लांबी बघा. ३१, ३६, ३९, ४१ एमएम असे वेगवेगळे येतात आणि दुकानदार "सगळ्यांना बसतो साहेब" म्हणून काहीही हातात ठेवतो. जुना बल्ब काढून पट्टीने मोजा मगच घ्या. आखूड निघाला तर बल्ब धरणाऱ्या क्लिपच्या पट्ट्या वाकवून बसवतात काही जण, मग खड्ड्यातून गाडी गेली की लाईट चालू बंद चालू बंद.

बसवायला मेकॅनिक लागत नाही. लाईट बंद करा, बल्ब गार होऊ द्या (१० वॅटचा चांगलाच तापतो, बोट भाजतं), पातळ स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून कव्हर हळूच उचकटा आणि बल्ब ओढून काढा. मात्र स्क्रूड्रायव्हर आत दोन्ही पट्ट्यांना एकदम लागू देऊ नका, फ्यूज उडतो. आणि नवा लावल्यावर पेटला नाही म्हणून लगेच रिटर्न टाकू नका, एलईडीला प्लस मायनस असतं, उलटा फिरवून लावा. माझाही उलटा केल्यावरच पेटला.

उजेड खरंच भरपूर आहे, पायाखालच्या मॅटवर पडलेलं नाणंसुद्धा दिसतं, आणि कव्हर आता अजिबात तापत नाही. पण माझ्या मते खरा फायदा बॅटरीचा. जुना बल्ब पाऊण अँपिअरच्या वर खायचा, म्हणजे रात्रभर दार नीट लागलेलं नसेल तर १२ तासांत १० अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप) गेले, छोट्या गाडीची बॅटरीच मुळात ३५ ची असते, आणि जुनी असेल तर सकाळी धक्का मारायची वेळ. ही एलईडी १ वॅटची, त्यामुळे तेवढ्याच वेळात फार तर १ अँपिअर-अवर.

६००० केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराफेक घेऊ नका प्लीज, गाडीत बसल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये आल्यासारखं वाटतं आणि रात्री चालत्या गाडीत कुणी लावला तर पुढच्या काचेत सगळं आतलंच दिसतं. तसंच ते डबल टेपने चिकटवायचे चौकोनी पॅनल मिळतात, उजेड जास्त असतो खरा पण मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की टेप सुटते आणि पॅनल कव्हरमध्ये लोंबकळत बसतं.

नवीन गाडी असेल, ज्यात दार लावल्यावर लाईट हळूहळू मंद होतो, तर कॅनबस (गाडीच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लाईटसाठी बनवलेला) लिहिलेला घेतलेला बरा, नाहीतर साधा एलईडी कधी फडफडतो किंवा बंद केल्यावरही अंधूक पेटत राहतो. आमच्या गाडीत ती भानगडच नाही, सरळ चालू नाहीतर बंद.

एक स्टार कापला तो पॅकिंगसाठी. पाकिटावर लांबी नाही, वॅट नाही, फक्त "सुपर ब्राईट" आणि एका लाल स्पोर्ट्स कारचा फोटो.