बाजारात तुरी : रोझ बोलच्या तिकिटांत लोक फसतात ते कसे

१ जानेवारी १९९४ला विस्कॉन्सिन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ रोझ बोल, म्हणजे नववर्षाला होणारा विद्यापीठ संघांचा मोठा सामना, खेळायला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात उतरला, तो तब्बल ३१ वर्षांनी. समोर यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा संघ, ज्यांचं घरचं मैदानच रोझ बोल नावाचं. तरीही स्टेडियम विस्कॉन्सिनच्या लाल रंगाचं दिसत होतं, इतके लोक विस्कॉन्सिनहून आले होते. विमान, हॉटेल आणि मॅचचं तिकीट असं सगळं एकत्र देणारी पॅकेजं तिकडे धडाधड खपली होती. त्यातले शेकडो लोक पॅसाडिनाला पोचल्यावर त्यांना कळलं, की बाकी सगळं आहे, तिकीट तेवढं नाही. संघ २१-१६ने जिंकला आणि हे लोक स्टेडियमच्या बाहेर राहिले.

यात कोणी खोटं तिकीट छापलं नव्हतं. टूरवाल्यांनी तिकिटं हातात नसतानाच पॅकेजं विकली होती. दलालांकडून ऐनवेळी मिळतील, या भरवशावर. मागणी वाढली, भाव चढले आणि दलालांनी जुन्या भावाला माल द्यायचं टाळलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, यातला प्रकार. शेअर बाजारात याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. तिथे निदान सौदा पुरा करून घ्यायला एक्स्चेंज बसलेलं असतं. इथे फोन उचलणारंसुद्धा कोणी नसतं.

तीच युक्ती आज ऑनलाइन चालते आणि तिला पोसणारी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. विद्यापीठ संघांच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, १२ संघ घ्यायला २०२४च्या हंगामापासून सुरुवात झाली; रोझ बोल त्यातलाच एक सामना. त्या वर्षी ओरेगन विद्यापीठाच्या संघाला ८ डिसेंबरलाच कळलं होतं, की आपण रोझ बोलला जाणार. त्यांच्यासमोर ओहायो स्टेट येणार, हे मात्र २१ डिसेंबरच्या रात्री टेनेसीला ४२-१७ हरवल्यावर ठरलं. म्हणजे ओहायोच्या लोकांना विमान, हॉटेल आणि तिकीट जमवायला नाताळ धरून ११ दिवस. फसवणारा याच ११ दिवसांत दुकान मांडतो.

पुनर्विक्रीच्या साइटवर हाती नसलेलं तिकीट ओळखायच्या खुणा आहेत. सेक्शन दिलेलं असतं, पण रांग नाही. किंवा सेक्शनही नाही, नुसतं ‘कोपरा, वरचा भाग’. आसन क्रमांक ‘नंतर कळवू’. तिकीट मिळण्याची तारीख मॅचच्या आदल्या दिवशीची किंवा त्याच दिवशीची. यातलं एखादं लक्षण खऱ्या तिकिटालाही असू शकतं, कारण कित्येकदा आयोजकच तिकिटं फोनवर उशिरा सोडतात. तिन्ही एकत्र दिसली, की समजावं, विकणारा अजून स्वतःच तिकीट शोधतोय. भाव उतरले तर तो स्वस्तात घेऊन तुम्हाला देईल आणि फरक खिशात घालेल. चढले तर ऑर्डर रद्द. साइटची ‘हमी’ असते खरी, पण ती नीट वाचा. बहुतेक ठिकाणी पर्यायी तिकीट किंवा तिकिटाचे पैसे, एवढंच. विमान आणि हॉटेल तुमच्या बोकांडी.

दुसरा प्रकार सरळ चोरीचा. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोस्ट येते : दोन तिकिटं आहेत, घरात आजारपण आलंय, छापील किमतीलाच देतो. खातं खऱ्या माणसाचं असतं, फक्त हॅक झालेलं. म्हणून ‘आमच्या ग्रुपमधलाच आहे’ याला काही अर्थ नाही. फोन करा, आवाज ऐका, शक्य असेल तर व्हिडिओवर त्याला तिकीट अ‍ॅपमध्ये उघडून दाखवायला सांगा. तो स्क्रीनशॉट पाठवू लागला तर तिथेच थांबा. मोठ्या सामन्यांच्या तिकिटांवरचा बारकोड आता दर काही सेकंदांनी बदलतो, त्यावर एक पट्टी इकडून तिकडे सरकत राहते. फोनच्या वॉलेटमधल्या काही तिकिटांवर तर बारकोडच नसतो, फोन यंत्राजवळ धरायचा. स्क्रीनशॉटमध्ये ती पट्टी थिजलेली असते आणि गेटवर तो चालत नाही, मग मूळ तिकीट शंभर टक्के खरं का असेना.

योग्य रस्ता एकच : विकणाऱ्याने अ‍ॅपमधूनच ट्रान्सफर करायचं आणि तुम्ही ते स्वतःच्या खात्यात स्वीकारायचं. इथेही मेख आहे. ‘ट्रान्सफर केलंय’ अशी ईमेल आली म्हणजे तिकीट आलं असं नाही. स्वीकारेपर्यंत पाठवणारा ते सहसा मागे घेऊ शकतो, आणि ती ईमेलच बनावट असेल तर ‘स्वीकारा’ बटणामागे तुमचा पासवर्ड मागणारं नकली पान असतं. त्या बटणावर जाऊ नये. अ‍ॅप वेगळं उघडावं, लॉगिन करावं आणि तिकीट तिथे दिसतंय का ते पाहावं. सेक्शन, रांग, आसन, तारीख जुळली की मगच पैसे. तरी एक भोक उरतंच. तिकीट चोरीच्या कार्डावर घेतलेलं असेल, तर ते तुमच्या खात्यात आल्यावरसुद्धा रद्द होऊ शकतं. अनोळखी माणसापेक्षा हमी देणारी साइट महाग पडूनही परवडते, ती यासाठी.

आणि पैसे देण्याची पद्धत. झेल आणि व्हेन्मो ही अमेरिकेतली पैसे पाठवायची साधनं; झेल, व्हेन्मोचं ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ आणि गिफ्ट कार्ड यांना रोख रकमेसारखं समजा. गेले ते गेले. अमेरिकन क्रेडिट कार्डावर, माल मिळाला नाही म्हणून स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करता येते. डेबिट कार्डाला तेवढं संरक्षण नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना एक वेगळा सापळा असतो. विद्यार्थी कोट्याचं तिकीट बहुधा एकालाच मिळतं, पण डिसेंबरात आई-बाबा आलेले असतात आणि हवी असतात शेजारशेजारची तीन-चार आसनं. चार सलग आसनं छापील किमतीत, तीही नाताळनंतर, असं कोणी म्हणालं तर त्यातच सगळं आलं. दुसऱ्या कुणाचं विद्यार्थी तिकीट घेण्याआधी ते ट्रान्सफर होतं का आणि गेटवर ओळखपत्र मागतात का, हे विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसला विचारून घ्यावं. आई-बाबांनी भारतातल्या खात्यातून पैसे भरले आणि फसले, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

पॅकेजच घ्यायचं असेल तर १९९४च्या त्या प्रकरणानंतर, त्याच वर्षी अमेरिकेच्या परिवहन खात्याने केलेला नियम माहीत हवा. विमानप्रवासासह मॅचच्या तिकिटाची जाहिरात करणाऱ्या टूरवाल्याकडे जाहिरातीआधीच पुरेशी तिकिटं, नाहीतर ती मिळण्याचा लेखी करार हवा. कबूल केलेलं तिकीट दिलं नाही, तर नुसते तिकिटाचे नव्हे, पूर्ण टूरचे पैसे परत करावे लागतात. पैसे घेतल्यावर किंमत १० टक्क्यांहून जास्त वाढवली तर तुम्हाला रद्द करून पैसे मागता येतात, आणि निघण्याच्या आधीच्या १० दिवसांत वाढवताच येत नाही. म्हणून बुकिंगआधी ईमेलवर एकच प्रश्न : तिकिटं तुमच्या ताब्यात आहेत की करार आहे? उत्तर लेखी घ्या. पॅकेजच्या यादीत ‘गेम टिकेट’ हे शब्दही शोधा. ‘गेम डे एक्स्पीरियन्स’ किंवा ‘टेलगेट पास’ म्हणजे मॅचआधी पार्किंगमधल्या तंबूत खाणंपिणं. स्टेडियममध्ये त्यावर कोणी सोडत नाही. केवळ हॉटेल आणि टेलगेट घेऊन आलेले लोक गेटवर हुज्जत घालताना दिसतात, आणि दुर्दैवाने कागदावर चूक त्यांचीच असते.

नावांचाही घोळ आहे. कॉटन बोल हा असाच दुसरा सामना २०१०पासून टेक्ससमधल्या आर्लिंग्टनमध्ये होतो. कॉटन बोल नावाचं जुनं स्टेडियम डॅलसमध्ये आहे. पार्किंग पास घेताना पत्ता वाचा.

सामना पुढे ढकलला गेला तर? न्यू ऑर्लिन्समधल्या हल्ल्यामुळे तिथला २०२५चा शुगर बोल, म्हणजे असाच आणखी एक सामना, १ जानेवारीचा २ला झाला. अशा वेळी तिकीट तेच चालतं, पुन्हा ‘कन्फर्म’ करायची गरज नसते. तसा मेसेज लिंकसकट आला तर तो चोराचाच.

आता गेटवर लाल दिवा लागलाच, तर स्कॅन करणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. बाजूला तिकीट तक्रारींची खिडकी असते, तिथे आधी कारण विचारा : आधीच स्कॅन झालंय, रद्द झालंय की तारीख चुकीची आहे. ते वेळेसकट लिहून घ्या, नाहीतर स्क्रीनचा फोटो काढा. मग तिथूनच पुनर्विक्रीच्या साइटला फोन लावा, सामना सुरू व्हायच्या आधी; पर्यायी तिकीट द्यायचं असेल तर ते तेव्हाच देऊ शकतात. गर्दीत नेटवर्क मरतं, म्हणून साइटचा नंबर आणि ऑर्डर क्रमांक कागदावर लिहिलेला असावा आणि खरं तिकीट आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये टाकलेलं असावं. सामन्याच्या दिवशी पॅसाडिनात निघणारी मिरवणूक, रोझ परेड, सकाळी ८ला सुरू होते आणि तिचा रस्ता आदल्या रात्री १०पासूनच बंद असतो. त्यामुळे सकाळी गडबडीत हॉटेलवर परत जाऊन चार्जर आणू, हे पॅसाडिनात जमत नाही.