कुत्री आहेत म्हटलं की मोटरहोम अशी गळ्यात मारतात

अमेरिकेत जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघायला गेलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता सांगून जातं, "आमची दोन लॅब्रॅडोर बरोबर असणार." झालं, विकणाऱ्याला नस सापडली. आता तो इंजिनाबद्दल फारसं बोलत नाही. कुत्र्यांची नावं विचारतो, स्वतःच्या कुत्र्याचे फोनमधले फोटो दाखवतो, आणि मग छताकडे बोट करून म्हणतो, "एसी कशावरही चालतो. बिनधास्त ठेवून जा." पुढची सगळी फसवणूक या एका वाक्याभोवती फिरते.

हे वाक्य एवढं का खपतं, त्याला कारण आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना फार थोड्या ठिकाणी जाता येतं. यलोस्टोनमध्ये रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंड यांपासून १०० फुटांच्या पलीकडे नेता येत नाही, बोर्डवॉकवर, म्हणजे फळ्यांच्या वाटांवर, तर मुळीच नाही. आर्चेसमध्ये एकाही पायवाटेवर परवानगी नाही. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला कड्यावरच्या वाटांवर पट्टा बांधून चालतं, पण दरीत उतरता येत नाही. म्हणजे न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला निघालेलं मराठी कुटुंब जुलैत आर्चेसशेजारच्या मोॲब गावी पोचतं, बाहेर पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर असतो, आणि कुत्री गाडीतच ठेवावी लागतात. उन्हात उभ्या बंद मोटारीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान सुमारे २० अंश फॅरनहाइटने चढतं. मोटरहोमला थोडंफार इन्शुलेशन असतं म्हणून थोडी उसंत मिळते, एवढंच.

फसवणुकीचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. गाडी क्लास सी, म्हणजे फोर्ड ई-४५० च्या चेसिसवर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली. बघायला बोलावतात सकाळी नऊला. हवा गार असते. लांब केबल शेडमधल्या प्लगला लावलेली असते आणि एसी आधीच सुरू. आत शिरल्यावर गार वाटतं, पण ते सकाळचं गार असतं. पुष्कळदा कॉम्प्रेसर बंद असतो आणि नुसता पंखा फिरत असतो.

त्यामुळे दुपारीच जा, आणि खिशात साधा किचन थर्मामीटर ठेवा. एसी २० मिनिटं चालू द्या. मग तो हवा जिथून आत ओढतो त्या जाळीपाशी एकदा आणि जिथून बाहेर सोडतो त्या झडपेत एकदा तापमान घ्या. फरक १६ ते २२ अंश फॅरनहाइट यायला हवा. १० च्या आत आला तर एसीचं दुखणं मोठं आहे. आणि एसी धडधाकट असला तरी १३,५०० बीटीयू (गार करण्याच्या ताकदीचं माप) एवढं एकच युनिट ३० फुटी गाडीला १०५ अंशांच्या उन्हात झकास गार ठेवेल ही अपेक्षा चुकीची आहे. ते २० एक अंशांनी खाली आणेल, तेही पडदे ओढून, काचा झाकून.

मग केबल काढायला लावा आणि म्हणा, "आता जनरेटरवर दाखवा." इथे तुम्हाला खरी कलाकारी बघायला मिळेल. उत्तर येतं, "टाकीत पेट्रोल कमी आहे. पाव टाकीच्या खाली गेलं की जनरेटर चालत नाही, डिझाइनच तसं आहे." यातली गंमत अशी की हे अगदी खरं आहे. पेट्रोलचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, आणि त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, म्हणजे जनरेटरने टाकी कोरडी करून तुम्हाला रस्त्यात अडकवू नये. खरी गोष्ट पुढे करून खोटं झाकायचं याचा इतका चोख नमुना दुसरीकडे क्वचित मिळेल. ई-४५० ची टाकी बहुतेक वेळा ५५ गॅलनची असते, म्हणजे पाव टाकी सुमारे १४ गॅलन. पाच गॅलनचा कॅन घेऊन गेलात तरी भागत नाही. म्हणून आदल्या दिवशीच मेसेज करून लेखी मागा: टाकी निम्मी भरलेली हवी, आणि जनरेटर रात्रीपासून बंद हवा.

ही दुसरी अट महत्त्वाची. पोचल्या पोचल्या गप्पांत न पडता आधी जनरेटरच्या झाकणावर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी अर्धा तास खटपट करून तो सुरू केलेला आहे. महिनोन्महिने न चालवलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो. मग तो गार असताना लागत नाही, लागला तर आवाज सतत वरखाली होत राहतो, आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दम टाकतो. म्हणून बनवणाऱ्यांचीच शिफारस असते की महिन्यातून एकदा दोनेक तास, निम्म्या लोडवर चालवा. दहा वर्षांच्या गाडीत जनरेटरच्या मीटरवर फक्त ६० तास दाखवून "बघा, वापरलाच नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर ती जाहिरात नसून कबुली समजा. गार जनरेटर सुरू करायचा, एसी लावायचा, मग मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून तोही लावायचा, आणि पाऊण तास तिथून हलायचं नाही. उंचीचाही हिशेब धरा. दर हजार फुटांमागे जनरेटरची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. ४,००० वॉटचा जनरेटर यलोस्टोनच्या आठ हजार फुटांवर तीन हजारांच्याही खाली येतो. समुद्रसपाटीला कसाबसा चालणारा तिथे एसी ओढणार नाही.

"मग सोलर आहे ना, इन्व्हर्टर आहे" हे पुढचं ठेवणीतलं वाक्य. कागद-पेन काढा. हा एसी चालताना सुमारे १,५०० वॉट खातो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून एवढं काढायचं तर १२५ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरची घट धरून १४० च्या आसपास. जुन्या गाडीत बहुधा १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, आणि त्यांतलं निम्मंच वापरायचं असतं. हिशेबाने पाऊण तासही भरत नाही, आणि इतक्या जोरात उपसलेली लेड-ॲसिड बॅटरी हिशेबाइतकीही टिकत नाही. छतावरचं २०० वॉटचं पॅनेल भर उन्हात एसीच्या गरजेचा सातवा-आठवा हिस्सा देतं. पंखे, दिवे, पाण्याचा पंप यांना ते ठीक आहे.

"पेट मॉनिटर बसवलेला आहे" यावरही विसंबू नका. आतलं तापमान फोनवर कळवणारा हा डबा सिमकार्डवर चालतो की वायफायवर, ते पाहा. वायफायवरचा डबा वीज गेली की राउटरबरोबरच मुका होतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. सिमवाल्याला महिन्याची वर्गणी लागते आणि ती आधीच्या मालकाच्या नावावर असते. उद्यानांत सिग्नलच नसला तर दोन्ही निकामी. वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारी यंत्रणा असल्याचा दावा असेल तर केबल उपटून तुमच्या देखत दाखवायला सांगा.

कॅम्पग्राउंडच्या खांबावरची वीजही दगा देते. ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो, पण कपडे वाळवायच्या यंत्राचा समजून कुणी तो २४० चा जोडून ठेवलेला असू शकतो. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम चालले की व्होल्टेज १०५ च्या खाली घसरतं आणि कॉम्प्रेसर जळतो. गाडीबरोबर फुकट मिळणारा छोटा सर्ज प्रोटेक्टर बहुधा व्होल्टेजच्या नुसत्या उसळ्या अडवतो. कमी व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरण वेगळं आणि बरंच महाग असतं.

आता पाणी. क्लास सी गाडीत सगळ्यात आधी गळतो तो डोक्यावरच्या बिछान्याचा कोपरा. आतली लाकडी चौकट कुजते, बाहेरचा फायबरग्लास फुगून सुटतो. इथेही कुत्र्यांचाच उपयोग करतात. "कुत्र्यांची नखं लागतील म्हणून नवीन व्हिनाइल टाकलंय" असं म्हणून कुजलेली फरशी झाकलेली असते. बुरशीचा वास आला तर "आधीच्या मालकाचीही कुत्री होती" हे उत्तर तयार असतं. ओल्या कुत्र्याचा वास बसण्याच्या जागांना, चादरींना आणि जमिनीलगत येतो. बुरशीचा वास बंद कपाटांत, पलंगाखालच्या खणात दडलेला असतो. तिथे डोकं घालून हुंगा. अनवाणी चालून बघा, टाच दबते का. पंधरा-वीस डॉलरला मिळणारा दोन सुयांचा ओलावामापक खिडक्यांखाली, बिछान्याच्या कोपऱ्यांत, बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या कडांना टोचा. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा आला की सौदा थांबवा. छतावर चढायला नकार मिळाला तरी थांबवा. जुन्या तडकलेल्या सीलंटवर चकचकीत पांढरा नवा थर म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

गॅसचा डिटेक्टर जमिनीजवळ लावलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कुत्रीही तिथेच झोपतात. हे डिटेक्टर ५ ते ७ वर्षांत बाद होतात, मग सारखे बीप करतात, आणि गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून विकणारा त्याची तार काढून ठेवतो. हिरवा दिवा लागलाय का बघा, काढून मागची तारीख वाचा. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरचंही तसंच. फ्रीज गार दाखवायला आत बर्फाच्या पिशव्या ठेवतात. तो खराच गार व्हायला निदान अर्धा दिवस लागतो.

टायर नवे दिसतात, कारण मोटरहोम उभीच असते आणि नक्षी झिजत नाही. रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून ती बाजू आत वळवून टायर बसवतात. गाडीखाली फोन धरून फोटो काढा, मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक विसरू नका. सहा-सात वर्षांवरचे टायर असतील तर सहाही नवे घ्यायचा खर्च किमतीतून वजा करा.

कागदांत सगळ्यात जुनी चाल म्हणजे टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, धुणं. पुरात बुडालेल्या गाडीच्या टायटलवर एका राज्यात तसा शिक्का पडतो, मग ती दुसऱ्या राज्यात नोंदवून शिक्का उडवायचा. २०१७ मध्ये हार्वे वादळाने टेक्सासमध्ये आणि २०२२ मध्ये इयनने फ्लोरिडात कितीतरी गाड्या बुडवल्या. चेसिसच्या व्हीआयएनवरून (गाडीचा ओळख क्रमांक) एनएमव्हीटीआयएसचा, म्हणजे गाड्यांच्या टायटलच्या राष्ट्रीय नोंदींचा, अहवाल काढा, थोडक्या डॉलरमध्ये मिळतो. टायटलवर विकणाऱ्याचंच नाव आहे का, कर्ज बाकी आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. चेसिसचं वर्ष आणि घराच्या भागाचं मॉडेल वर्ष एका वर्षाने वेगळं असू शकतं, त्यात फसवणूक नसते. १६,००० पौंडांहून जड गाडीला मायलेज लेखी जाहीर करण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे, म्हणून बसच्या आकाराच्या मोठ्या क्लास ए गाडीच्या मायलेजवर टायटलच्या भरवशावर विश्वास ठेवता येत नाही. तीन दिवसांत गाडी परत करता येते ही समजूतही खोटी आहे. डीलरच्या दुकानात "ॲज इज"वर (आहे तशी घेतली, हमी नाही) सही केली की बहुतेक दारं बंद होतात, आणि सदोष गाडीच्या गिऱ्हाइकाला संरक्षण देणारा लेमन कायदा अनेक राज्यांत मोटरहोमच्या राहण्याच्या भागाला लागूच होत नाही.

गाडी बघायच्या आधीच पैसे मागणाऱ्याशी बोलणंच नको. बाजारभावापेक्षा खूप स्वस्त, मालक लष्करात परदेशी, गाडी वाहतूक कंपनीच्या गोदामात, इसार झेल या पैसे पाठवायच्या ॲपने किंवा गिफ्ट कार्डने, आणि एस्क्रोची (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाची) लिंक त्यानेच दिलेली: यातलं एक जरी जुळलं तरी फोटो चोरलेले आहेत असं धरा. पैसे गेलेच तर त्याच तासात बँकेला फोन करा, मग एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर आणि एफटीसीकडे (केंद्रीय व्यापार आयोग) तक्रार करा. डीलर असेल तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही.

गाडी मिळाल्यावर शेवटचा गंडा कुत्र्यांच्या कागदांचा. काही कॅम्पग्राउंडवर पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन चालत नाहीत. मग ऑनलाइन "सर्व्हिस डॉग नोंदणी", ओळखपत्र आणि जाकीट विकणारे भेटतात. अमेरिकेत केंद्र सरकारची अशी कुठलीही नोंदणी नाही आणि त्या कार्डाला कायद्यात किंमत शून्य. जातीची अट आहे का, हे बुकिंगच्या वेळी फोनवर विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. नायगारा पलीकडून बघायला कॅनडात जाणार असाल तर रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र बरोबर हवं. परत येताना १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेचा डॉग इम्पोर्ट फॉर्म लागतो, कुत्रं सहा महिन्यांचं झालेलं आणि मायक्रोचिप बसवलेलं लागतं. तो फॉर्म सीडीसीच्याच संकेतस्थळावर भरायचा, त्याला एक सेंटही पडत नाही.