दिवाळीनंतरचा किराणा: महिन्याची यादी की ॲप?

वाण्याकडे महिन्याची यादी दिली की सुटा माल बऱ्याचदा थोडा स्वस्त पडतो. पण दर महिन्याचीच यादी पुढे केली तर फसगत, कारण फराळाचं बेसन, रवा, मैदा अजून डब्यात शिल्लक असतात. आधी डबे उघडा. रव्याला जाळी धरली नसेल तर मंद आचेवर कोरडाच भाजून, गार करून भरा. बेसन पिठल्यात संपवा. ही तिन्ही नावं खोडल्याशिवाय यादी देऊच नका.

ॲपमुळे घरात साठा होत नाही, हे खरं. पण जुडीभर कोथिंबिरीसाठी किमान रकमेची अट पुरी करायला बिस्किटं, वेफर्सही घेतले जातात. नाहीतर घरपोच आणि हाताळणी शुल्क माथी. आठवड्यातून चारदा 30 रुपये गेले, तर चार आठवड्यांत 480.

तेलाची पिशवी मात्र दोन्हीकडे वाचूनच घ्या. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं; त्याहून कमी वजनाच्या पिशव्या तेवढ्याच दिसतात आणि उगाच स्वस्त वाटतात. भाव ग्रॅममागे काढा.

डाळ-तांदूळ, तेल, साबण यादीवरच बरे. ॲप अवेळी आलेल्या पाहुण्यांपुरतं ठेवा, आणि त्यातलं साठवलेलं कार्ड काढून टाका.